गंभीर मलेरिया: पीएचसीवर ओळखायचा कसा आणि पहिल्या चोवीस तासांत करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा: गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड-एटापल्लीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना विचारायचंय की आरडीटीवर (बोटाच्या थेंबावरची झटपट मलेरिया चाचणी) फाल्सिपॅरम (मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी) आला, ताप तीन-चार दिवसांचा आहे, अशा वेळी ‘सिव्हिअर’ नेमकं कशावरून ठरवायचं? आर्टेसुनेट (मलेरियाचं इंजेक्शन) कुणाला, किती आणि कसं द्यायचं? आणि जिल्हा रुग्णालयात कधी पाठवायचं?

आधी थेट उत्तर. फाल्सिपॅरमचा रुग्ण आधाराशिवाय बसू शकत नसेल, शुद्धीत गडबड असेल, फिट आली असेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, किंवा पोटात गोळी टिकतच नसेल, तर त्याला गंभीर धरा. वजन करा, आर्टेसुनेटचा पहिला डोस तिथेच द्या आणि मग १०८ ला फोन लावा. हा क्रम उलटा झाला की पंचाईत होते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडची गाडी तासन्‌तास अडकते, आणि गडचिरोली तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे. ‘पुढे गेल्यावर देतील’ म्हणून थांबवलेला डोस कधीकधी आठ-दहा तास उशिरा पडतो. या आजारात तेवढ्या वेळात लहान मूल तापातून कोमात जातं.

गंभीर म्हणायचं कशावरून, हे नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत बऱ्याच गोष्टी प्रयोगशाळेवर अवलंबून आहेत: बायकार्बोनेट १५ च्या खाली, लॅक्टेट ५ किंवा जास्त, क्रिएटिनिन ३ मिग्रॅच्या वर, बिलिरुबिन ३ मिग्रॅच्या वर आणि सोबत एका मायक्रोलिटरमागे एक लाखाहून जास्त परजीवी. पीएचसीवर यातलं बहुतेक काही मिळणार नाही. पण याच व्याख्येतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी खाटेशेजारी उभं राहून, पाच मिनिटांत, एका ग्लुकोमीटरवर आणि पल्स ऑक्सिमीटरवर कळतात.

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णाला उठवून बसवा. नातेवाईक म्हणतात ‘अशक्तपणा आहे’, आणि आपणही मान हलवतो. बसायला, उभं राहायला किंवा चालायला दुसऱ्याचा आधार लागत असेल तर तोच एक गंभीर मलेरियाचा निकष आहे, त्याला आणखी कशाची जोड लागत नाही. जे तान्हं बाळ अजून बसायला शिकलेलं नाही, ते अंगावर दूध ओढतं का ते पाहा. दुसरं, शुद्धी. ती डोळे, बोलणं आणि हालचाल पाहून गुणांत मोजतात. मोठ्या माणसाचा ग्लासगो स्कोअर ११ च्या खाली, बोलता न येणाऱ्या लहान मुलाचा ब्लँटायर स्कोअर ३ च्या खाली. स्कोअर पाठ नसेल तर छातीच्या हाडावर बोटाच्या पेरांनी दाबा: हात वेदनेच्या जागेपर्यंत येतो का, तोंडातून कळेल असा शब्द निघतो का, हे लिहून ठेवा आणि शेजारी वेळ टाका. दोन तासांनी तीच तपासणी पुन्हा करताना ही नोंद सोन्याची ठरते. नुकतीच फिट येऊन गेली असेल तर शुद्धी यायला अर्धा तास द्या. त्यानंतरही बेशुद्धी कायम असेल तर मेंदूचा मलेरिया धरायचा. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त फिट्स हाही स्वतंत्र निकष आहे. पण एक फिट आलेल्या मुलाला मी कधीच ओपीडीतून घरी पाठवणार नाही.

तिसरा, श्वास. इथे घाई करू नका. अंगावरचा कपडा काढून पूर्ण एक मिनिट मोजा. उथळ, भरभर श्वास आणि बरगड्या आत ओढल्या जाणं हे न्यूमोनियाकडे बोट दाखवतं. खोल, लांब, जणू धावून आल्यासारखा श्वास आणि फुफ्फुसं मात्र स्वच्छ, हे रक्त आम्लधर्मी झाल्याचं लक्षण आहे. गंभीर मलेरियात मृत्यूशी सगळ्यात घट्ट नातं असलेल्या दोन गोष्टी म्हणजे बेशुद्धी आणि हा खोल श्वास. ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली आणि श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल तर फुफ्फुसात पाणी भरतंय असं समजा.

उरलेल्या गोष्टी पटापट: शुगर ४० मिग्रॅच्या खाली; मोठ्या माणसात सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब ८० च्या, मुलांत ७० च्या खाली, किंवा हातपाय गार आणि नखावर दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंद किंवा जास्त; हिमोग्लोबिन मोठ्यांत ७ च्या खाली, बारा वर्षांखालच्या मुलांत ५ किंवा कमी; हिरड्या, नाक किंवा सुईच्या जागेतून न थांबणारं रक्त; कोकाकोलासारखी काळपट लघवी, किंवा दिवसभर लघवीच नाही. डोळ्यांची पिवळी झाक एकटीच असेल तर लगेच घाबरू नका. पण कावीळ आणि सोबत लघवी कमी, ही जोडी आपल्याकडच्या मोठ्या माणसांत वारंवार दिसते आणि ती डायलिसिसपर्यंत नेते. मुलांचं चित्र वेगळं: फिट्स, कोमा, रक्तक्षय. दोन्ही वयोगटांना एकाच चष्म्यातून पाहू नका.

आता आरडीटीविषयी. आपल्याकडच्या किटमध्ये फाल्सिपॅरमची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते. हे प्रथिन परजीवी मेल्यावरही रक्तात दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त राहतं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आशाताईंकडून पूर्ण उपचार घेतलेला रुग्ण आज बेशुद्ध होऊन आला आणि रेघ उमटली, तर ती जुनी असू शकते. उपचार थांबवू नका, पण दुसरं कारण शोधणंही थांबवू नका. उलट बाजूही आहे: परजीवी अतोनात असतील तर प्रथिनाच्या भाराने रेघ फिकी पडते किंवा दिसतच नाही. रुग्ण डोळ्यांसमोर ढासळतोय, भाग मलेरियाचा आहे आणि किट निगेटिव्ह, असं झालं तर रक्त सलाइनमध्ये दहापट पातळ करून दुसऱ्या किटवर पाहा, आणि काचपट्टी तर करायचीच. काही भागांत परजीवीतला एचआरपी-२ चा जीनच गळालेला आढळतो, तेव्हाही किट फसतं. बाकी साध्या चुका नेहमीच्या: रक्त पाच मायक्रोलिटरपेक्षा जास्त, बफरचे थेंब कमी, पंधरा मिनिटांऐवजी तासाभराने वाचलेला निकाल, उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत तापलेली किटं.

काचपट्टीवर जाड थेंब आणि पातळ लेप, दोन्ही घ्या. रंग जेएसबी असो वा गिम्सा, टेक्निशियनला फक्त ‘पीएफ पॉझिटिव्ह’ लिहू देऊ नका, आकडा मागा. जाड थेंबात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत जेवढे परजीवी दिसतील त्यांना ४० ने गुणलं की मायक्रोलिटरमागची अंदाजी संख्या मिळते. म्हणजे २०० पेशींमागे २५०० परजीवी असतील तर एक लाख. चाळीस लाख तांबड्या पेशी धरल्या तर हे अडीच टक्के झाले. संघटना दहा टक्क्यांच्या वर गंभीर म्हणते. आपला राष्ट्रीय कार्यक्रम जिथे मलेरिया कमी आहे तिथे पाच टक्क्यांनाच सावध करतो. पण आकड्याच्या आहारी जाऊ नका. फाल्सिपॅरमचे वाढलेले परजीवी मेंदूच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. बोटातून काढलेल्या थेंबात ते येतच नाहीत. काचपट्टीवर थोडेसे अंगठीसारखे कोवळे परजीवी आणि समोर कोमातला माणूस, हे विसंगत अजिबात नाही. टेक्निशियन अनुभवी असेल तर आणखी दोन गोष्टी विचारा: वाढलेल्या अवस्थेतले परजीवी दिसतात का, आणि पांढऱ्या पेशींत काळसर रंगद्रव्य आहे का. दोन्ही जास्त असतील तर आकडा लहान असला तरी रुग्ण धोक्यात आहे.

व्हायव्हॅक्सला, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या नेहमीच्या परजीवीला, ‘सौम्य’ म्हणायची सवय सोडा. राजस्थानातल्या बिकानेरहून गंभीर व्हायव्हॅक्सचे रुग्ण पुराव्यानिशी नोंदवले गेले आहेत. वरचे निकष लागू होत असतील तर उपचार तोच, डोस तोच.

आर्टेसुनेट. यावर आता वाद उरलेला नाही. भारतासह आशियातल्या चार देशांत झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइनवर २२ टक्के तर आर्टेसुनेटवर १५ टक्के रुग्ण दगावले. २०१० साली आफ्रिकेतल्या पाच हजारांहून अधिक मुलांवरच्या चाचणीनेही हाच कौल दिला. कारण सोपं आहे: क्विनाइन वाढलेल्या परजीवींवर काम करतं, आर्टेसुनेट कोवळ्या परजीवींनाही मारतं, म्हणजे ते केशवाहिन्यांना चिकटण्याच्या आधीच.

डोस किलोमागे २.४ मिग्रॅ, २० किलोच्या आतल्या मुलाला मात्र किलोमागे ३ मिग्रॅ, कारण लहान मुलांच्या शरीरातून औषध लवकर निघून जातं. पहिला आल्याबरोबर, दुसरा १२ तासांनी, तिसरा २४ तासांनी, पुढे रोज एक. रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मागू लागला तरी पहिले तीन डोस इंजेक्शननेच पूर्ण करायचे. गर्भवतीला कोणत्याही महिन्यात हेच द्या. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं म्हणून डोस कमी करू नका.

तयार करण्यात हात घसरतो, म्हणून सावकाश सांगतो. ६० मिग्रॅच्या कुपीत पांढरी पूड असते; सोबत १ मिलीचा ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचा ॲम्प्यूल येतो. तो पूर्ण कुपीत टाका आणि हलवा. आधी गढूळ होईल, बुडबुडे येतील. मिनिटभरात पारदर्शक झालं पाहिजे. गढूळपणा गेला नाही तर ती कुपी टाकून द्या. मग सुई टोचून आतली हवा बाहेर काढा, नाहीतर दाबामुळे पुढचं पाणी आत जात नाही आणि औषध सुईच्या कडेने उडतं. आता शिरेतून द्यायचं असेल तर ५ मिली नॉर्मल सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज टाका: एकूण ६ मिली, दर मिलीत १० मिग्रॅ. स्नायूत द्यायचं असेल तर फक्त २ मिली: एकूण ३ मिली, दर मिलीत २० मिग्रॅ. डोस पुढच्या पूर्ण मिलीपर्यंत वर न्यायचा, खाली नाही. ४५ किलोच्या बाईला १०८ मिग्रॅ, म्हणजे शिरेतून ११ मिली, दोन कुप्या. १२ किलोच्या मुलाला ३६ मिग्रॅ, म्हणजे शिरेतून ४ मिली किंवा मांडीत २ मिली. शिरेतून मिनिटाला ३-४ मिलीच्या वेगाने, हाताने, सावकाश. बाटलीत मिसळून ठिबकत ठेवायचं औषध हे नव्हे. पाण्यात ते फार काळ टिकत नाही, तयार केल्यापासून तासाभरात संपवायचं. उरलेलं पुढच्या डोससाठी फ्रिजमध्ये ठेवणं बंद करा.

तीन चुका वारंवार दिसतात. बायकार्बोनेटचा ॲम्प्यूल फुटला म्हणून इंजेक्शनच्या पाण्यात पूड विरघळवणं: ती नीट विरघळतच नाही, आणि रुग्णाला किती मिळालं याचा पत्ता लागत नाही. दुसरी, बाजारात ३० आणि १२० मिग्रॅच्या कुप्याही आहेत हे न पाहता सगळीकडे ६० चं गणित चालवणं. वेगळी कुपी हातात आली की आतला कागद वाचा. तिसरी, वजन न करता ‘अंदाजे पन्नास’ धरणं. माडिया आदिवासी वस्त्यांमधली अनेक मोठी माणसं चाळीस किलोच्या आसपास भरतात, आणि आठ वर्षांचं मूल वीस किलोच्या आत असू शकतं. मग त्याचा डोस २.४ नव्हे, ३ च्या हिशेबाने येतो.

आर्टेसुनेट नसेलच तर स्नायूतून आर्टेमेथर: पहिल्या दिवशी किलोमागे ३.२ मिग्रॅ, पुढे रोज १.६. तेही नसेल तर क्विनाइन: किलोमागे २० मिग्रॅ ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चार तासांत, मग दर आठ तासांनी १०. क्विनाइन शिरेतून कधीही ढकलून देऊ नका, हृदय थांबतं. आणि त्यावर असेपर्यंत शुगरवर डोळा ठेवा, गर्भवतीत तर दुप्पट. खासगीत लोकप्रिय असलेली तेलकट आर्टीथरची तीन दिवसांची इंजेक्शनं गंभीर रुग्णाला पहिली पसंती म्हणून देऊ नयेत. ते तेल स्नायूतून किती आणि कधी शोषलं जाईल याचा भरवसा नाही, विशेषतः दाब पडलेल्या माणसात. राष्ट्रीय मार्गदर्शनात ते मोठ्या माणसांपुरतंच आहे.

गाडी येणारच नसेल किंवा उपकेंद्रावर फक्त नर्सताई असतील, तरी मांडीच्या पुढच्या बाजूला आर्टेसुनेटचा एक डोस टोचून पाठवता येतो; एवढ्यासाठी शीर शोधत बसायची गरज नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूल हाताशी असेल तर किलोमागे १० मिग्रॅ. अर्ध्या तासात बाहेर पडली तर पुन्हा घाला. हे दोन्ही पाठवण्याआधीचे डोस आहेत. यावर विसंबून रुग्णाला गावातच ठेवलं तर जंतू परत उसळतात.

पहिला डोस पडला की परजीवीचा बंदोबस्त सुरू झाला. पुढच्या चोवीस तासांत रुग्ण दगावतो तो बहुतेकदा शुगर, श्वास, पाणी आणि झटके यांच्यापायी. डॉक्टरचं खरं काम इथून सुरू होतं.

शुगर प्रत्येक बेशुद्ध रुग्णाची, आल्याबरोबर. पट्ट्या संपल्या असतील तर कमी आहे असं धरूनच डेक्स्ट्रोज द्या. मोठ्यांना २५ टक्क्यांची १०० मिली, मुलांना किलोमागे २५ टक्क्यांचं २ मिली किंवा १० टक्क्यांचं ५ मिली. पाच वर्षांखालच्या मुलात ५४ च्या खाली आलं तरी वाट पाहू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, नंतर दर चार तासांनी, आणि मध्येच शुद्धी बिघडली किंवा फिट आली तर त्याच क्षणी. एकदा सुधारलेली शुगर दोन तासांत पुन्हा पडते. म्हणून सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज चालू राहायला हवं.

सलाइनबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. ताप आला की दोन बाटल्या चढवायच्या ही आपल्याकडची रीतच झाली आहे. बाटली लटकली की नातेवाइकांनाही उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं. गंभीर मलेरियात ही रीत जीव घेते. लॅक्टेट वाढतं ते केशवाहिन्या परजीवींनी तुंबल्यामुळे. पाणी ओतून त्या मोकळ्या होत नाहीत, उलट ते पाणी फुफ्फुसात उतरतं. आफ्रिकेतल्या मुलांवरच्या २०११ च्या मोठ्या चाचणीत झटकन सलाइन दिलेली मुलं न दिलेल्यांपेक्षा जास्त दगावली, आणि त्यांत मलेरियाची मुलं मोठ्या संख्येने होती. तेव्हा दाब ठीक असेल तर बोलस (एकदम भरभर सलाइन) नाही. थेंब मोजून, हळू. दर दोन तासांनी छातीच्या तळाला स्टेथोस्कोप, श्वासाची गती, मानेच्या शिरा, लघवीचं माप. श्वास २० वरून २८ वर गेला तर तीच पहिली सूचना आहे, ऑक्सिजन घसरेपर्यंत थांबू नका: सलाइन बंद, डोकं उंच, ऑक्सिजन, गरज वाटली तर फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध). उलटी-जुलाबाने खरोखर सुकलेल्या रुग्णाला पाणी हवंच, पण तेही हप्त्याने आणि प्रत्येक हप्त्यानंतर छाती ऐकून. बाळंतिणीकडे जास्त लक्ष द्या. बाळंतपणानंतरच्या काही तासांत फुफ्फुसात पाणी भरण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो.

दाब खरोखरच पडला असेल तर एकट्या मलेरियाला दोष देऊन गप्प बसू नका. शॉक दिसला की सोबत जिवाणूंचा संसर्ग धरा आणि रक्ताचं कल्चर शक्य असेल तर घेऊन सेफ्ट्रायॅक्सोन सुरू करा: मोठ्यांना २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ८० मिग्रॅ. गंभीर मलेरियाच्या लहान मुलांना शॉक नसला तरी अँटिबायोटिक द्यावंच. आतड्याची भिंत कमकुवत झालेली असते आणि रक्तात जिवाणू शिरतात.

फिट आली तर शुगर पाहा, कूस वळवा, डायझेपाम किलोमागे ०.३ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० मिग्रॅ, दोन मिनिटांत हळूहळू शिरेतून; शीर नसेल तर गुदद्वारातून ०.५. दहा मिनिटांनी एकदा परत देता येतं. त्याहून जास्त डायझेपाम द्यायची वेळ आली तर श्वास थांबल्यावर अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) कोण धरणार हे आधी ठरवा. बेशुद्ध मुलाची एक पापणी सतत फडफडतेय, ओठाचा एक कोपरा ओढला जातोय, लाळ गळतेय, हीसुद्धा फिटच आहे. फिट येऊ नये म्हणून आधीच फेनोबार्बिटोनचा मोठा डोस देऊ नका. केनियातल्या मुलांत त्याने झटके कमी झाले पण मृत्यू वाढले. डेक्सामेथासोन आणि मॅनिटॉल यांचा मेंदूच्या मलेरियात काही फायदा नाही. डेक्सामेथासोनने तर कोमा लांबतो हे १९८२ सालीच दिसून आलंय, तरी आजही ते चिठ्ठ्यांवर दिसतं.

रक्त कधी द्यायचं? आपल्या भागात हिमोग्लोबिन ७ च्या खाली आणि रुग्ण त्रासात असेल तर द्यावं, मुलांना पॅक्ड सेल (प्लाझ्मा काढलेल्या तांबड्या पेशी) किलोमागे १० मिली. गडचिरोलीत इथे एक गाठ पडते: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सिकलचा वाहक असणं गंभीर मलेरियापासून काहीसं संरक्षण देतं, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मलेरिया झाला तर तो फार लवकर ढासळतो. कावीळ, काळी लघवी, पांढरी फटक पापणी असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना सिकलच्या कार्डाबद्दल विचारा.

बेशुद्धीचं कारण मलेरियाच आहे का, हा प्रश्न पहिला डोस दिल्यावर विचारायचा, आधी नाही. मान कडक असेल तर मेंदुज्वराचे उपचार सोबतच सुरू करा. कमरेतून पाणी काढणं मोठ्या रुग्णालयात होईल. विदर्भात जपानी मेंदुज्वर आहे, आणि पावसाळ्याच्या शेवटी स्क्रब टायफसही (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली काळी खपली शोधा. सापडली, किंवा शंका दाट असली, तर डॉक्सिसायक्लिन जोडा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या डॉक्टरांनी याच जागी लेप्टोस्पायरोसिस वाचावं.

बेशुद्ध, श्वासनळीत नळी नसलेल्या मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी नाकातून दूध घालायची घाई करू नका. ते छातीत जातं. शुगर शिरेतून सांभाळता येते.

पाठवायचं कुणाला? खरं तर सगळ्याच गंभीर रुग्णांना. पण ज्यांच्यासाठी एक तासही थांबू नये ते असे: कोमा, खोल श्वास, ऑक्सिजन घसरलेला, चोवीस तासांत ४०० मिलीहून कमी लघवी, रक्ताची गरज, आणि गर्भवती. डायलिसिस आणि व्हेंटिलेटर कुठे चालू आहे हे फोन करून खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नका. मूत्रपिंडाचा रुग्ण आधी एका ठिकाणी आणि तिथून नागपूरला असा दोनदा हलवला की मधले सहा तास फुकट जातात. गाडीत डाव्या कुशीवर, डोकं थोडं उंच, ऑक्सिजन, चालू शीर, लघवीची नळी. निघताना एकदा आणि वाटेत दर दोन तासांनी शुगर. सोबत डेक्स्ट्रोज आणि डायझेपाम भरलेलं. चिठ्ठीवर वजन, आर्टेसुनेटचे मिलिग्रॅम आणि घड्याळातली वेळ ठळक लिहा. ‘इंज. आर्टेसुनेट दिले’ एवढ्याने पुढच्या डॉक्टरला दुसरा डोस कधी द्यायचा ते कळत नाही. न रंगवलेली एक काचपट्टीही सोबत द्या, कारण उपचारानंतर घेतलेल्या रक्तावर सुरुवातीचा आकडा पुन्हा मिळत नाही.

रुग्ण तुमच्याकडेच राहिला तर काचपट्टी दर बारा तासांनी करा. पहिल्या डोसनंतर आकडा तसाच राहिला किंवा थोडा वाढला तर औषध लागू पडत नाही असं समजू नका. चिकटलेले परजीवी फुटून नवी पिढी रक्तात उतरलेली असते. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून दुसऱ्या दिवशीचा आकडा सुरुवातीपेक्षा जास्त असेल, किंवा तिसऱ्या दिवशी तो सुरुवातीच्या पाव भागाइतका किंवा त्याहून जास्त उरला असेल, तर मात्र डोस, कुपीचा बॅच आणि तयार करण्याची पद्धत तपासा आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवा.

तीन इंजेक्शनं झाली, तोंडाने घेता येऊ लागलं, की शेवटच्या इंजेक्शननंतर आठ ते बारा तासांनी तीन दिवसांचा पूर्ण एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं आणि दुसरं औषध एकत्र असलेल्या गोळ्या) कोर्स. ‘इंजेक्शन झालंय, आता गोळ्या कशाला’ असं म्हणून इथे पुष्कळ उपचार अर्धवट राहतात. आर्टेसुनेट झपाट्याने मारतं, पण काही तासांत शरीरातून जातं. मागे राहिलेले परजीवी एसीटीतलं दुसरं औषध संपवतं. कोणता एसीटी, ते त्या वेळच्या कार्यक्रमाच्या सूचनेप्रमाणे. आर्टेमेथर-लुमेफँट्रिन असेल तर सहा डोस, आणि प्रत्येक डोस तेलतूप किंवा दुधाबरोबर, कारण रिकाम्या पोटी लुमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. मेंदूच्या मलेरियातून उठलेल्याला मेफ्लोक्विन असलेला एसीटी देऊ नका. प्रायमाक्विन (मलेरिया पसरणं आणि उलटणं रोखणारी गोळी) राष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे फाल्सिपॅरमला एकच डोस, किलोमागे ०.७५ मिग्रॅ, व्हायव्हॅक्सला रोज ०.२५ चौदा दिवस. गर्भवती आणि वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही. ज्याची लघवी काळी झाली होती त्याला जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) पाहिल्याशिवाय कोणताच डोस देऊ नका.

घरी सोडताना शेवटचं एक काम राहतं. आर्टेसुनेटनंतर, विशेषतः परजीवींचा आकडा मोठा असलेल्यांत, एक ते तीन आठवड्यांनी तांबड्या पेशी अचानक फुटू लागतात. परजीवी काढून टाकलेल्या पेशी प्लीहेतून परत येतात खऱ्या, पण त्यांचं आयुष्य थोडंच उरलेलं असतं, आणि त्या एकदम मरतात. रुग्ण ताप नसताना पुन्हा पांढरा पडतो, लघवी गडद होते, घरचे म्हणतात मलेरिया उलटला. त्या वेळी किटवर जुनी रेघ दिसते आणि कुणीतरी पुन्हा आर्टेसुनेट देऊन बसतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी हिमोग्लोबिन असं लिहा, त्याच तारखा गावच्या आशाताईंना फोनवर सांगा, आणि बाराव्या दिवशी कुणी दम लागतो म्हणून आलं तर किटच्या आधी काचपट्टी आणि हिमोग्लोबिन करा.